गादी दोघांची, माप दोघांचे

रायपूरच्या रेल्वेमार्गापलीकडे गुढियारी ही जुनी, गजबजलेली वस्ती आहे. सकाळी कचेऱ्या-शाळांच्या वेळी येथून शहराच्या मध्यभागाकडे निघालेल्या दुचाक्यांची रांग पाहिली, की मधूनच एखादा सहाफुटी तरुण नजरेत भरतो. गाडी शंभर-सव्वाशे सीसीची. त्याचे गुडघे टाकीच्या दोन्ही अंगांना बाहेर फाकलेले, पाठ कमानीसारखी वाकलेली. मागे बायको, आई किंवा बहीण बसलेली. तिच्या वाट्याला गादीचा जो तुकडा आला आहे, त्यावर तिचे निम्मे अंग आणि उरलेले मागच्या लोखंडी दांडीवर.

गावातल्या गावात, दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीला हे चालून जाते. पण रविवारी राजिमला जायचे ठरते आणि तिथून कुरबुर सुरू होते. रायपूरहून राजिम अवघे ४५ किलोमीटर. महानदीच्या संगमावरचे राजीवलोचनाचे दर्शन घेऊन दुपारी जेवायला घरी, असा साधा बेत. अर्धी वाट होते न होते तोच मागून आवाज येतो, ‘‘अहो, जरा पुढे सरका ना!’’

‘‘आणखी पुढे कुठे सरकू? टाकीवर बसू का?’’

दोघांचेही म्हणणे खरे असते. तो पुढे सरकला, तर त्याचे गुडघे हँडलला लागतात. तो मागे सरकला, तर तिला जागा उरत नाही. घरी आल्यावर त्याची कंबर धरलेली असते, तिच्या मांड्यांना मुंग्या आलेल्या असतात, आणि दोष गाडीला दिला जातो. मग कोणी म्हणते, गाडी बदला. कोणी म्हणते, गादीवर जाड फोम टाकून ती मऊ करून घ्या. पहिला सल्ला महाग पडतो आणि दुसरा बहुतेक वेळा फसतो. का फसतो, हे समजून घेतले तर पुष्कळ पैसा आणि त्याहून अधिक त्रास वाचतो.

ठेंगणे स्टूल आणि खुर्ची

घरातले एखादे ठेंगणे स्टूल घ्यावे आणि त्यावर उंच माणसाला बसवावे. त्याचे गुडघे कमरेच्या वर येतात, मांड्या स्टुलावरून उचलल्या जातात आणि शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. दहा मिनिटांत तो चुळबुळ करू लागतो. त्याच माणसाला नेहमीच्या खुर्चीवर बसवले, की मांड्या बैठकीला टेकतात, भार वाटला जातो आणि तो तासभर स्वस्थ बसतो. स्टूल मऊ होते की कडक, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. मुख्य प्रश्न आहे तो बैठक आणि पाय यांमधल्या अंतराचा.

मोटरसायकलवर नेमके हेच घडते. बुटक्या माणसाची चिंता वेगळी असते. सिग्नलला पाय जमिनीला पोहोचतील ना, ही. म्हणून गाडीच्या माहितीपत्रकात ‘सीटची जमिनीपासून उंची’ ठळकपणे दिलेली असते. उंच माणसाला या आकड्याचा उपयोग थोडा. त्याला हवे असते ते गादीपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर, आणि ते माहितीपत्रकात सहसा नसते. ते टेप घेऊन स्वतःच मोजावे लागते. हे अंतर कमी असले, की गुडघा काटकोनापेक्षा जास्त मुडपतो, मांडी उचलली जाते आणि ठेंगण्या स्टुलाची कहाणी सुरू होते. त्यातून पाठीचा खालचा भाग बाहेर गोल होतो. खड्ड्यातला प्रत्येक धक्का मग अशा वाकलेल्या कण्याला बसतो.

यात कंपन्यांचा काही दुष्टपणा आहे असे नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास आहे आणि गाडी बहुसंख्यांच्या मापाने बनवली जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीयांच्या शरीरमापांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खुर्चीपासून वाहनापर्यंत अनेक वस्तूंची रचना करणारे अशा मापांचा आधार घेतात. त्यांत रिवाज असा, की अगदी बुटके आणि अगदी उंच असे दोन्ही टोकांचे थोडे लोक सोडून मधल्या बहुतेकांना वस्तू सोयीची व्हावी. सहा फुटांवरचा माणूस या सोडलेल्यांत मोडतो. तयार कपड्यांच्या दुकानात त्याला बाही आखूड पडते, रेल्वेच्या बर्थवर पाय बाहेर येतात, तसेच हे.

मागची जागा कोणाची?

इंग्रजीत डबलसीट बसणाऱ्याच्या जागेला ‘पिलियन’ म्हणतात. हा शब्द मोटरसायकलपेक्षा पुष्कळ जुना आहे. घोड्याच्या खोगिराच्या मागे, विशेषतः स्त्रियांना बसण्यासाठी जी गादी टाकत, तिचे हे नाव. म्हणजे मागची गादी पूर्वीपासूनच वेगळी, मागाहून जोडलेली.

आपल्याकडेही सुरुवातीला तसेच होते. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्या आठवाव्यात. चालकाला स्प्रिंगांवरचे स्वतंत्र खोगीर आणि मागे वेगळी छोटी गादी. जुन्या स्कूटरनाही पुढे-मागे दोन निरनिराळ्या गाद्या असत. पुढे एकसंध, लांब, सपाट गादीचा काळ आला. १९८५ साली निघालेली हीरो होंडाची सीडी १०० ज्यांनी वापरली, त्यांना ती सपाट गादी आठवत असेल. दिसायला अगदीच साधी, एखाद्या बाकासारखी. पण तिच्यात एक मोठा गुण होता. चालक उंच असला तर तो दोन-तीन इंच मागे सरकून बसे, आणि मागे बसणाराही थोडा सरकून घेई. गादी कोणाची किती, हे दोघे मिळून ठरवत.

नंतर शर्यतीच्या गाड्यांचे वळण साध्या गाड्यांतही उतरले. चालकाची जागा खोलगट, मागची जागा पायरीसारखी उंच आणि शेपटीकडे निमुळती. दिसायला ऐटबाज, पण या पायरीने चालकाला जागच्या जागी खिळवून टाकले. उंच माणूस मागे सरकू पाहतो तो पायरीला अडतो. त्यात अशा गादीचा उतार बहुधा टाकीकडे असतो. ब्रेक लागला, की मागची व्यक्ती घसरून पुढच्याच्या पाठीवर येते आणि तो टाकीवर रेलतो. साडी नेसून एका अंगाने बसणाऱ्या स्त्रीला तर अशा निमुळत्या गादीवर धड टेकताही येत नाही. तिला रुंद आणि सपाट जागा लागते, कारण तिचा सारा भार एकाच बाजूला असतो आणि दोन्ही पाय एकाच आधारावर. गाड्यांची चित्रे काढणाऱ्यांनी कधी नऊवारी नेसलेल्या आजींना मागे बसवून पाहिले असेल, असे वाटत नाही.

मागच्या जागेची दखल कायद्यानेही घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसवता येते आणि तेही चालकाच्या मागे घट्ट बसवलेल्या योग्य अशा सीटवरच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी, म्हणजे आपला साडीगार्ड, असायलाच हवा. गादी बदलताना हे तिन्ही जागच्या जागी राहतात ना, हे आवर्जून पाहावे. हौसेने साडीगार्ड काढून टाकणारे तरुण पुष्कळ दिसतात. ओढणी किंवा पदर चाकात गुंतला, तर मागे बसलेली व्यक्ती क्षणात खाली ओढली जाते.

फोम कापण्याआधी

उंच चालकाची अडचण सोडवण्याचा सरळ मार्ग म्हणजे पुढची बैठक इंच-दीड इंच उंच करणे. गुडघा मोकळा होतो, मांडी टेकते, पाठ सरळ होते. पुष्कळ जण एवढेच करून घेतात आणि खूश होऊन घरी येतात. तक्रार येते ती मागून. पुढचा माणूस आधीच उंच, त्यात तो आणखी वर गेला. मागे बसणारीच्या डोळ्यांपुढे आता नुसती पाठ. समोरचा खड्डा, गतिरोधक, अचानक लागणारा ब्रेक, काहीच दिसत नाही. त्यामुळे अंग सावरायला वेळ मिळत नाही आणि प्रत्येक धक्का बेसावधपणी बसतो. ती मग घट्ट धरून, अंग आवळून बसते. तासाभराने तिची मान आणि खांदे दुखतात, ते यामुळे. गादी पुढे उचलून मागे सरकवली असेल, तर तिची जागाही कमी झालेली असते. थोडक्यात, त्याचे गुडघे सुटले ते तिच्या कमरेच्या बदल्यात.

म्हणून गादीवाल्याकडे जाण्यापूर्वी घरीच एक सोपा प्रयोग करावा. गाडी सपाट जागी उभी करून कोणाला तरी ती घट्ट धरायला सांगावे. नेहमी जो चालवतो आणि नेहमी जी मागे बसते, त्या दोघांनी नेहमीच्या कपड्यांत बसावे. ती साडीत बसत असेल, तर साडीतच. एखाद्याने बाजूने फोटो काढावा. त्यात चालकाचा गुडघा कमरेच्या वर दिसत असेल, तर बैठक त्याला ठेंगणी आहे. मग जुनी गोधडी किंवा सतरंजी घडी घालून पुढच्या जागेवर ठेवावी. एक घडी, मग दोन घड्या. प्रत्येक वेळी पुन्हा बसून पाहावे. कितव्या घडीला मांडी टेकते आणि गुडघा खाली येतो, ते कळते. ती जाडी मोजून ठेवावी. मात्र बसल्यावर गोधडी जेवढी दबते तेवढी मोजायची, फुगलेली नव्हे. हे माप फक्त उभ्या गाडीवर घ्यायचे. सुटी गोधडी ठेवून रस्त्यावर जाऊ नये.

पुढची जागा वाढवल्यावर आता मागच्या व्यक्तीकडे लक्ष द्यावे. तिला त्याच्या खांद्यावरून किंवा निदान खांद्याच्या बाजूने रस्ता दिसतो का? तिचे गुडघे त्याच्या कमरेत रुततात का? दोघांच्या मध्ये चार बोटे मावतात का? तिची बैठक पूर्णपणे गादीवर आहे, की थोडी दांडीवर? बहुतेक वेळा असे आढळते, की पुढे दीड इंच वाढवले, तर मागेही थोडे वाढवावे लागते, आणि मागच्या भागाचा पुढे असलेला उतार काढून तो सपाट करावा लागतो. आणखी एक गोष्ट चालकाने पाहायची. बैठक वर गेली, की हँडल तेवढेच खाली गेल्यासारखे होते. हात ताणले जाऊन भार मनगटांवर येऊ लागला, तर हँडलही क्लॅम्पमध्ये किंचित फिरवून आपल्याकडे घ्यावे लागते. अनेक गाड्यांवर मेकॅनिक हे काम पाच मिनिटांत करून देतो.

शॉकअब आणि हवा

गादीवर खर्च करण्याआधी पाहण्याची दुसरी गोष्ट अगदी फुकटची आहे. बहुतेक मोटरसायकलींच्या मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. पान्याने ती फिरवली, की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. एकट्याने जायचे असेल तर खालची खाच, दोघांनी जायचे तर वरची. कंपनीच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते आणि पुस्तिका डिकीत नाही तर कपाटात पडून असते. वर्षानुवर्षे गाडी एकाच खाचेवर चालते.

उंच आणि म्हणून बहुधा वजनदारही असलेला चालक, त्यात डबलसीट. स्प्रिंग मऊ खाचेवर असेल, तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचा उचलला जातो. गादी मागे कलते आणि मागची व्यक्ती सतत मागे घसरते आहे असे तिला वाटत राहते. रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ते वेगळेच. मोठ्या खड्ड्यात शॉकअब तळाला आदळतो आणि तो धक्का थेट कण्यात जातो. अशा वेळी कितीही चांगला फोम टाकला तरी उपयोग नाही. टायरच्या हवेचेही तेच. दोघे बसणार असतील, तर मागच्या चाकात जास्त हवा लागते आणि ती किती, हे पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर दिलेले असते. गादीचा दोष म्हणून ज्याची तक्रार होते, त्यातला बराच भाग या दोन गोष्टींनीच कमी होतो.

गादीवाल्याच्या दुकानात

मोठ्या गावांतून मोटरसायकलच्या गाद्या भरून देणारे कारागीर असतात. रिक्षाच्या गाद्या, कारची कव्हरे आणि दुचाकीच्या सीटा एकाच दुकानात शिवल्या जातात. हा कसबी माणूस असतो. पण आपल्याला काय हवे ते त्याला नीट सांगता आले पाहिजे. ‘जरा मऊ करून द्या’ एवढेच सांगितले, तर तो वर मऊ फोमचा थर चढवून देईल. दुकानात बसून पाहिले तर स्वर्ग वाटेल. वीस किलोमीटरवर तो मऊ थर पार दबून जाईल आणि हाडे खालच्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकच्या तळाला टेकतील.

कंपनीच्या गादीत साच्यात ओतलेला एकसंध फोम असतो. कारागीर तो कापून, वर निरनिराळ्या घट्टपणाचे थर चिकटवून आकार देतो. पूर्वी काथ्या आणि स्प्रिंगा असत, आता फोमच्या बारीक तुकड्यांचा दाबून बनवलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा घट्ट फोम मिळतो. दुकानदार त्याला रिबॉन्डेड म्हणतात. उंची वाढवायची ती खाली या घट्ट फोमने, आणि वर बोटभर जाडीचा मऊ थर. अंगठ्याने जोर देऊन दाबून पाहावे. अंगठा सहज तळापर्यंत गेला, तर तो फोम नको.

येथे एक गोष्ट सहसा सुचत नाही. पुढे ८५ किलोचा माणूस आणि मागे ५० किलोची बाई बसणार असेल, तर दोघांना सारख्याच घट्टपणाचा फोम कसा चालेल? जो फोम त्याच्याखाली नीट दबतो, तो तिला लाकडासारखा लागतो. जो तिला सुखाचा, तो त्याच्याखाली चेपून जातो. कारागिराला सांगून पुढे घट्ट आणि मागे त्याहून मऊ असे करून घेता येते. फोम कापलेलाच असतो, त्यामुळे खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच दुकानात एकट्याने जाऊ नये. दोघांनी जावे, कच्च्या आकारावर बसून पाहावे आणि मगच कव्हर चढवू द्यावे. एकदा रेक्झिन ताणून पिना मारल्या, की कारागीर पुन्हा खोलायला नाखूश असतो.

आकाराच्या बाबतीत पुढच्या भागाची रुंदी महत्त्वाची. मांड्यांच्या मध्ये गादी फार रुंद केली, तर उंच माणसालाही पाय टेकताना अडते. बैठकीची हाडे जेथे टेकतात तेथे रुंद, टाकीजवळ निमुळती, असा आकार असावा. टाकीकडचा उतार काढून टाकावा. पायरी फार उभी असेल, तर तिची कड तासून दोन इंच मागे घ्यावी. पायरीत घेतलेली ही जागा चालकाच्या गुडघ्याला मिळते, आणि मागची जागा सपाट केल्याने सहप्रवाशाचेही नुकसान होत नाही.

गादीच्या खालचे कुलूप, आकडे आणि रबरी बुश यांना धक्का लागता कामा नये. काम झाल्यावर गादी बसवून कुलूप ‘कट्’ असे लागते ना, ते स्वतः पाहावे. हलणारी गादी वळणावर जिवावर बेतू शकते. आणि गादी भरण्यापुरतेच थांबावे. मागचा सांगाडा कापणे, लांबवणे, नवी चौकट जोडणे हे उद्योग करू नयेत. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल कलम ५२ प्रमाणे चालत नाहीत, आणि वेल्डिंग केलेली चौकट दोन माणसांच्या भाराखाली कधी दगा देईल, सांगता येत नाही.

बाजारात सीटवर बांधायच्या तयार गाद्याही मिळतात. जेलच्या आणि हवा भरायच्या. हवेच्या कप्प्यांची कल्पना मूळची रुग्णालयातली. चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत, म्हणून अशा उशा निघाल्या आणि तेथून त्या मोटरसायकलवर आल्या. हवा थोडीच भरायची. टम्म फुगवली तर माणूस चेंडूवर बसल्यासारखा डोलतो. काही कंपन्या आपल्या गाड्यांसाठी लांब प्रवासाच्या वेगळ्या सीटा आणि मागे बसणाऱ्यासाठी पाठ टेकायची उशी विकतात. रॉयल एनफिल्डच्या काही गाड्यांना त्या मिळतात. गाडीला बेतून बनवलेल्या असल्यामुळे त्या बसतात मात्र चपखल.

नवतप्यात आणि पावसात

छत्तीसगडात आणि विदर्भात मे महिन्याच्या अखेरीचे नऊ दिवस नवतपा म्हणून ओळखले जातात. रायपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या रेक्झिनवर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. फोम उत्तम असला तरी घामाने कपडे चिकटतात आणि त्वचा सोलवटते. यावर जाळीदार कापडाचे कव्हर किंवा टॅक्सीवाले वापरतात तसे लाकडी मण्यांचे आवरण उपयोगी पडते. त्यातून हवा खेळते. ते सरकणार नाही असे चारी बाजूंनी घट्ट बांधावे. नवे कव्हर शिवताना गुळगुळीत चकचकीत रेक्झिन टाळावे. ते दिसायला छान असते, पण ब्रेक मारला की मागची व्यक्ती घसरगुंडीवरून आल्यासारखी पुढे येते. खरखरीत पोताचे घ्यावे.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. कंपनीच्या कव्हरला शिवण कमी असते, कारागिराने हौसेने घातलेल्या दुरंगी नक्षीला शिवणी पुष्कळ. प्रत्येक शिवणीच्या भोकांतून पाणी आत झिरपते आणि फोम ते स्पंजासारखे पितो. वरून पुसून कोरडी केलेली गादी बसताच ओली लागते. म्हणून कव्हर चढवण्याआधी फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद घालायला सांगावे आणि बसण्याच्या जागी शिवण येऊ देऊ नये.

नवी गाडी घ्यायचीच असेल तर

गाडी जुनी झाली आहे, बदलायचीच आहे, तर मात्र निवड करताना उंचीचा विचार आधी करावा. हीरोची स्प्लेंडर प्लस किंवा बजाजची पल्सर १५० यांची सीटची उंची ७८५ मिलिमीटर, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ८०५, हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही ची ८२५, आणि २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ अशा दोन उंचींवर बसवता येते. कच्च्या रस्त्यांसाठीच्या उंच गाड्यांवर सहाफुटी माणूस मोकळा बसतो, हे खरे. पण त्याच गाडीवर साडीतल्या बाईने किंवा साठीच्या आईने चढायचे कसे? दर वेळी पायरी शोधावी लागणार असेल, तर ती गाडी घरातल्या एकाचीच झाली. येथेही दोघांनी शोरूममध्ये जावे आणि मागे बसणारीला तीनदा चढ-उतार करू द्यावी. विक्रेता घाई करील. त्याला करू द्यावी.

रायपूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हटकून निघतो तो नागपूरचा. या भागाचे नागपूरशी नाते जुने. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार चालत होता तोही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच. तात्यापाऱ्यातल्या घरांपासून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत, कोणाचे माहेर, कोणाचे सासर, कोणाचे कॉलेज नागपूरला असतेच. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशा वाटेने हे अंतर तीनशे किलोमीटरला थोडे कमी भरते. रस्ता मोठा झाला आहे, म्हणून नवी गादी करून घेतलेल्या तरुणांना मोह होतो. शंभर सीसीच्या गाडीवर दोघांनी हा पल्ला गाठू नये. अवजड ट्रक शेजारून गेला की हलकी गाडी हेलकावते, आणि पाच-सहा तासांच्या बैठकीत गादी कितीही चांगली असली तरी पाय आणि पाठ आखडतात. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या दोन्ही गावांना थांबतात, त्यांनी जावे. डोंगरगडच्या बमलेश्वरीपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा फेरा मात्र दोघांना मजेत करता येतो. अट एवढीच, की तासाला एकदा उतरून पाच मिनिटे चालावे. चालणाऱ्याने गाडी थांबवली तरच मागचा उतरू शकतो, म्हणून ‘थांबू या का?’ हे विचारण्याचे काम पुढच्याचे.

थांबून, चालूनही पायाला बधिरपणा राहत असेल, कमरेतून पायात कळ जात असेल, तर तो गादीचा प्रश्न नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. गरोदर स्त्रीने दुचाकीवर बसावे की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे, गादीवाल्याला नव्हे.

नवी गादी झाल्यावर पहिल्याच रविवारी लांब जाऊ नये. आठ-दहा दिवस गावात वापरली, की नवा फोम थोडा बसतो आणि उंची थोडी कमी होते. तेव्हा पुन्हा एकदा दोघांनी बसून फोटो काढावा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहावा. काही उणे वाटले, तर त्याच कारागिराकडे जावे. चांगला कारागीर एकदा दुरुस्ती करून देतो, मात्र हे आधी बोलून ठेवावे. शक्य असेल तर मूळची गादी कापूच नये. जुन्या बाजारात तीच सीट तळासकट स्वस्तात मिळते, तिच्यावर काम करून घ्यावे आणि कंपनीची गादी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. गाडी विकायच्या वेळी ती उपयोगी पडते, कारण पुढचा गिऱ्हाईक सहा फुटांचाच असेल असे नाही.